व्हिडिओ मुलाखतीची तयारी: आधी आवाज, मग चेहरा

व्हिडिओ मुलाखतीचं निमंत्रण आलं की बहुतेकांचं लक्ष आधी मागच्या भिंतीकडे जातं. काय दिसेल, कोणता शर्ट घालायचा, रिंग लाइट मागवायचा का. या गोष्टी करायच्याच आहेत, पण त्यांचा नंबर बराच खाली लागतो. चित्र अर्धा मिनिट अडकलं तरी बोलणं चालू राहतं. आवाज तुटायला लागला की मुलाखत घेणारा एकदा “पुन्हा सांगाल का?” म्हणतो, दुसऱ्यांदा म्हणतो, आणि तिसऱ्यांदा विचारायचं टाळून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. तुमचं उत्तर चांगलं होतं की नाही, हे त्याला कळलेलंच नसतं. म्हणून वेळ आणि पैसा या क्रमाने खर्च करा: आवाज, नेट, उजेड, कॅमेरा आणि उरलं तर भिंत.

निमंत्रण शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

मेलमध्ये लिंक दिसली की बाकीचा मजकूर वाचायचा राहून जातो. कोणतं अ‍ॅप वापरायचं आहे, किती वेळ चालणार, समोर किती जण आणि कोणत्या पदांवरचे, स्क्रीन शेअर करावी लागणार का, हे त्यातून काढा. मुलाखत थेट कॉलवर माणसाशी बोलून होणार की तुम्ही एकट्यानेच उत्तरं रेकॉर्ड करायची, हेही पाहा. दोन्हींची तयारी वेगळी असते. जोडणी तुटली तर फोन कुणाला करायचा, हे मेलमध्ये सहसा नसतं. ते मागून घ्या. उत्तरात एवढंच लिहा: “दिलेली वेळ मला सोयीची आहे. ऐन वेळी तांत्रिक अडचण आली तर संपर्कासाठी एखादा नंबर मिळू शकेल का? माझा नंबर खाली देत आहे.” यात कमीपणा काही नाही.

मुलाखत दुसऱ्या देशातून होणार असेल तर वेळ दोनदा तपासा. कॅलेंडरमधलं निमंत्रण तुमच्या घड्याळाप्रमाणे आपोआप बदलून दिसतं, मेलच्या मजकुरात लिहिलेली वेळ मात्र आहे तशीच राहते. युरोप आणि अमेरिकेत घड्याळं वर्षातून दोनदा एक तास पुढे-मागे होतात, तीही एकाच तारखेला नाही. मार्च, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये पाठ असलेल्या फरकावर विसंबू नका.

आणखी एक. मेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का, आणि ती जागा कंपनीच्या संकेतस्थळावर दिसते का, हे बघून घ्या. मुलाखतीआधी नोंदणी शुल्क मागणारा, ओटीपी विचारणारा किंवा तुमची स्क्रीन दुसऱ्याच्या ताब्यात देणारं अ‍ॅप टाकायला लावणारा माणूस नोकरी देणारा नसतो.

आवाज

लॅपटॉपचा आतला माइक तोंडापासून ५०-६० सेंटिमीटर दूर असतो. एवढ्या अंतरावरून त्याला तुमच्या बोलण्याबरोबर पंखा, भिंतींवरून परत येणारा घुमारा आणि किबोर्डची टकटकही ऐकू येते. वायरवर माइक असलेला साधा हेडफोन बहुतेक वेळा त्याच्याहून बरा ठरतो, कारण माइक तोंडापासून १५-२० सेंटिमीटरवर येतो. घेताना पिन बघा: तिच्यावर तीन रेघा असतील तर माइकची जोडणी आहे, दोनच असतील तर तो फक्त ऐकण्याचा हेडफोन आहे. जुन्या कॉम्प्युटरवर माइक आणि स्पीकरची भोकं वेगळी असतात. तिथे तीन रेघांची पिन लावली तर ऐकू येतं, पण माइक चालत नाही. त्यासाठी दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर किंवा यूएसबी हेडफोन लागतो.

वायरच्या माइकची एक खोड आहे. तो कॉलरला, ओढणीला किंवा गळ्यातल्या साखळीला घासला की समोरच्याला मोठी खरखर ऐकू येते, तुम्हाला मात्र काहीच कळत नाही. वायर छोट्या क्लिपने कपड्याला अडकवा आणि माइक मोकळा ठेवा. तोंडाच्या थेट समोर नको, हनुवटीच्या जरा बाजूला हवा. नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हटलं की हवेचा फटका त्यावर बसतो.

ब्लूटूथ इअरबडवर गाणी छान वाजतात म्हणून तेच वापरावेसे वाटतात. पण माइक सुरू झाला की बरेच इअरबड गाण्यांची पद्धत सोडून फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर जातात आणि आवाज डब्यातून आल्यासारखा बसका होतो. शिवाय ते ऐन वेळी लॅपटॉप सोडून शेजारच्या फोनला जाऊन जोडले जातात, किंवा एका कानाची बॅटरी संपते. दुसरा पर्याय नसेल तर वापरा, पण फोनचं ब्लूटूथ बंद करून.

लॅपटॉपचे स्पीकर लावून मुलाखत देऊ नका. समोरच्याचा आवाज तुमच्या स्पीकरमधून निघून तुमच्याच माइकमध्ये शिरतो. तो कापून काढण्यासाठी अ‍ॅप तुमचा माइक क्षणभर दाबतं. दोघं एकदम बोललात की तुमच्या वाक्याची सुरुवात गायब होते ती यामुळे.

खोली शक्यतो लहान आणि भरलेली निवडा. पडदे, गादी, कपड्यांचं उघडं कपाट, पुस्तकं, सगळं आवाज शोषून घेतं. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे झणकार रेंगाळला तर समोरच्या भिंतीवर किंवा दारावर जाड चादर टांगा. हा उपाय कॅमेऱ्याला दिसत नाही आणि फुकट आहे.

मग चाचणी. त्याच जागी, त्याच हेडफोनवर, मुलाखतीच्याच वेळेला एक मिनिट स्वतःची ओळख रेकॉर्ड करा. अर्धा मिनिट पंखा चालू ठेवून, अर्धा मिनिट बंद करून. ऐकताना तीन गोष्टी तपासा: वाक्याचा शेवटचा शब्द पोचतोय का, मागे सततची घरघर आहे का, आणि जोर देऊन बोललात तिथे आवाज फाटतोय का. आवाजाची पातळी दाखवणारी माइकची पट्टी बोलताना अर्ध्याच्या वर जावी, टोकाला टेकू नये. झूम आणि टीम्समध्ये मागचा गोंगाट दाबण्याची सोय असते. पंखा-एसीसारखा एकसुरी आवाज ती चांगला काढते, पण सर्वांत वरच्या पातळीवर ठेवली तर तुमच्या शब्दांची टोकंही खाते. शेजारच्या खोलीतला टीव्ही तिच्या भरवशावर सोडू नका. तोही माणसाचाच आवाज असतो.

नेट

स्पीड टेस्ट केली की सगळे डाउनलोडचा आकडा पाहतात. तुमचा चेहरा आणि आवाज जातो अपलोडवरून. दोघांच्या कॉलमध्ये चित्र स्वच्छ जायला साधारण १ ते १.५ एमबीपीएस अपलोड पुरतं, ३ असेल तर ऐसपैस. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएस पुरेसे असतात. म्हणजे १०० एमबीपीएसचं कनेक्शन असून कॉल अडकत असेल तर दोष वेगात नाही, सलगतेत आहे.

तो कुठे आहे हे शोधायला कॉम्प्युटरवरची पिंग कमांड वापरा. दिलेल्या पत्त्याकडून उत्तर यायला किती वेळ लागतो, ते ती दाखवते. आधी घरातल्या राउटरच्या पत्त्यावर दोन मिनिटं चालवा, मग बाहेरच्या एखाद्या संकेतस्थळावर. राउटरकडून उत्तर १० मिलिसेकंदांच्या आत आणि एकसारखं यायला हवं. तिथेच आकडे ५, ८०, २०० असे उड्या मारत असतील तर वायफाय खराब आहे. बसण्याची जागा बदला. राउटरपर्यंत सगळं ठीक आणि बाहेर १५० च्या वर किंवा मधूनमधून उत्तरच नाही, तर गडबड सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाजूला आहे आणि पर्यायी जोडणीची सोय करावी लागेल.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल. ती शक्य नसेल तर राउटर असलेल्याच खोलीत बसून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय घ्या. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जास्त पोचतं, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गर्दी करतात. घरातल्यांना “नेट वापरू नका” सांगितलं तरी एक चोर सुटतो: फोनमधले फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढवणारं बॅकअप. ते नेमकं अपलोडच खातं. सगळ्यांच्या फोनवर तेवढा तास ते थांबवा, आणि स्वतःच्या लॅपटॉपवरही.

सध्याच्या नोकरीतला लॅपटॉप वापरू नका. कंपनीची नजर असण्याचा प्रश्न वेगळाच, पण त्यावरचा व्हीपीएन (सगळं नेट कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी जोडणी) कॉलला लांबून फिरवतो, फायरवॉल (नेटवरची चाळणी) काही अ‍ॅप अडवते, आणि नवं काही टाकायला अ‍ॅडमिनची परवानगी लागते.

पर्याय म्हणून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवा. तयार म्हणजे लॅपटॉपने त्याचा पासवर्ड आधीच लक्षात ठेवलेला, आणि एक कॉल त्यावर करून पाहिलेला. यूएसबी केबलने जोडलात तर वायफायची कटकट जाते आणि फोन चार्जही होत राहतो. तासाभराच्या व्हिडिओला साधारण १ ते १.५ जीबी डेटा धरा. दोन सिमच्या फोनवर दुसऱ्या सिमला कॉल आला की डेटा थांबू शकतो. ते सिम तेवढ्या वेळापुरतं बंद ठेवा. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण राउटर बंद पडतो. हॉटस्पॉटची खरी गरज तेव्हा लागते.

उजेड, कॅमेरा आणि भिंत

“माझा कॅमेराच भंगार आहे” ही तक्रार बहुतेक वेळा उजेडाची असते. कमी प्रकाशात वेबकॅम प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो, त्यामुळे सेकंदाला ३० ऐवजी १५ च चित्रं जातात, हात हलला की पुसट होतो आणि चेहऱ्यावर वाळू उडाल्यासारखे ठिपके येतात. तोच कॅमेरा खिडकीसमोर नेला की सुधारतो.

खिडकी तोंडासमोर हवी, पाठीमागे नको. मागून प्रकाश आला की कॅमेरा त्या झळाळीला जुळवून घेतो आणि चेहरा काळा पडतो. ऊन सरकतं, म्हणून सकाळी ११ ची मुलाखत असेल तर आदल्या दिवशी ११ लाच पाहा. संध्याकाळ असेल तर एक टेबललॅम्प समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा. भिंतीवरून परत येणारा उजेड मऊ असतो. फक्त छताच्या दिव्यावर बसलात तर डोळ्यांखाली खड्डे दिसतात. एका बाजूने पिवळा आणि दुसऱ्या बाजूने पांढरा दिवा लावू नका. रंग जुळवताना कॅमेरा गोंधळतो.

चष्म्यावर चमक येत असेल तर दिवा वर आणि बाजूला सरकवत न्या, एका उंचीवर ती निघून जाते. उरलेली चमक स्क्रीनची असते: ब्राइटनेस कमी करा आणि पांढरी पानं बंद करा. चित्रात आडवे पट्टे वर-खाली सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० किंवा ६० हर्ट्झ असा पर्याय शोधा आणि तुमच्याकडच्या विजेला जुळणारा आकडा निवडा.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. टेबलावर ठेवलेल्या लॅपटॉपला त्यासाठी साधारण १५-२० सेंटिमीटर उचलावं लागतं. जाड पुस्तकं चालतात, उशी नको. उशीने खालची जाळी बंद होते, लॅपटॉप तापतो आणि त्याचा पंखा तुमच्या माइकमध्ये ओरडायला लागतो. अंतर हातभर, डोक्यावर दोन बोटं जागा, खाली छातीच्या मध्यापर्यंत. काच मऊ कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा चित्रभर धुकं पसरवतो. लाइव्ह टायपिंग करायचं असेल तर उंच लॅपटॉपवर मनगटं दुखतात, वेगळा किबोर्ड जोडा.

भिंतीबद्दल थोडक्यात. मागे मीटरभर मोकळी जागा आणि साधी भिंत किंवा पुस्तकांचं कपाट पुरे. खोटी पार्श्वभूमी लावली की केसांच्या कडा तुटतात, कानातलं गायब होतं, हात वर केला की बोटं विरघळतात. जुन्या लॅपटॉपवर ताण येतो तो वेगळाच. पसारा लपवायचाच असेल तर हलका ब्लर लावा. स्वतःच्या चौकटीत मागची अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका. ते चित्र फक्त तुमच्यासाठी आरशासारखं फिरवलेलं असतं, समोरच्याला सुलटं दिसतं.

कपडे एकरंगी, मध्यम किंवा गडद छटेचे. बारीक रेघा आणि चौकडी स्क्रीनवर लवलवतात. झगझगीत पांढरा शर्ट कॅमेऱ्याला फसवतो आणि चेहरा गडद होतो. खालचेही नीट घाला; प्लग निसटला तर उठावं लागतं.

आदल्या संध्याकाळी लॅपटॉपवर

अ‍ॅप टाका, अपडेट करा, लॉगिन करा, आणि दिसणारं नाव पाहा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्याने शिरलात तर मुलाखत घेणाऱ्यांच्या यादीत तुमच्या जागी भलतंच नाव असतं. गूगल मीट ब्राउझरमध्ये चालतं, पण त्यातही कोणत्या खात्याने शिरताय ते तपासायला हवं.

कॅमेरा-माइकची परवानगी दोन जागी द्यावी लागते: एकदा कॉम्प्युटरच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये, एकदा ब्राउझरमध्ये. एकीकडे दिली आणि दुसरीकडे राहिली की काळी चौकट दिसते. काही लॅपटॉपवर कॅमेऱ्याला सरकपट्टी किंवा किबोर्डवर बंद करायचं बटण असतं, तेही काळ्या चौकटीचं कारण. विंडोजवर दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपने कॅमेरा धरून ठेवला असेल तरी हेच होतं. मॅकवर स्क्रीन शेअर करायची परवानगी पहिल्यांदा दिली की अ‍ॅप बंद करून परत उघडावं लागतं. हे मुलाखतीत घडलं तर पाच जणांसमोर बाहेर पडून परत यावं लागेल. आजच एकदा शेअर करून मोकळे व्हा.

हेडफोन जोडल्यावर अ‍ॅपच्या आवाज सेटिंगमध्ये जाऊन तोच माइक निवडला गेलाय का बघा. हेडफोनमधून ऐकू येतंय म्हणजे माइकही तोच चालू आहे असं नसतं. झूम आणि टीम्समध्ये चाचणी कॉलची सोय आहे, मीटमध्ये आत शिरण्याआधीच्या पानावर तपासता येतं.

रात्री लॅपटॉप रीस्टार्ट करा, म्हणजे साचलेले अपडेट तेव्हाच उरकतील. मुलाखतीत चार्जर लावूनच बसा. बॅटरी वाचवण्याच्या पद्धतीत मशीन मंदावतं. सूचना बंद करा, फोनवरच्याही, आणि लॅपटॉपवर उघडं असलेलं व्हॉट्सअ‍ॅप बंद करा. स्क्रीन शेअर करताना पूर्ण स्क्रीन न देता तेवढीच विंडो द्या. दुसऱ्या कंपनीच्या नावाचा बायोडेटा डेस्कटॉपवर ठेवून पूर्ण स्क्रीन दाखवणारे उमेदवार कमी नसतात.

मग एखाद्या ओळखीच्या माणसाला २० मिनिटं कॉलवर घ्या. तो वेगळ्या घरात, वेगळ्या नेटवर हवा. झूमच्या मोफत खात्यावर मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते, सरावाला तेवढा वेळ भरपूर. त्याला विचारा: माझी वाक्यं कुठे तुटली? मी कुठे बघत होतो? दिसणं शेवटी विचारा.

उत्तरांची तयारी

कॅमेऱ्यावर उत्तर छोटं ठेवावं लागतं. समोरासमोर असताना ऐकणारा जरा पुढे झुकतो, पेन उचलतो, आणि आता थांबावं हे तुम्हाला समजतं. इथे ती खूण मिळत नाही, आणि आवाज उशिरा पोचत असल्याने त्याला मध्ये तोडणंही जड जातं. म्हणून उत्तर ६० ते ९० सेकंदांत संपवा आणि “याबद्दल आणखी सांगू का?” असं विचारून चेंडू त्याच्याकडे द्या.

नोकरीची जाहिरात छापून घ्या किंवा वहीत उतरवा. त्यातल्या सहा-आठ मागण्यांखाली रेघ मारा आणि प्रत्येकीसमोर स्वतःच्या कामातला एक प्रसंग लिहा, त्यात शक्यतो एक आकडा. पाच-सहा प्रसंग पुरतात, कारण एकच प्रसंग दोन-तीन प्रश्नांना लागू पडतो. उत्तराचा मुद्दा पहिल्या वाक्यात यावा, नंतर परिस्थिती, तुम्ही स्वतः काय केलंत, आणि काय झालं.

समजा प्रश्न आहे, “सहकाऱ्यांशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?” “मी सगळ्यांना समजून घेते, मला टीममध्ये काम करायला आवडतं” हे उत्तर कुणीही देऊ शकतो. हे ऐका: “अहवाल रोज द्यायचा की आठवड्याने, यावर माझं आणि विक्री विभागाचं जुळत नव्हतं. रोजच्या अहवालात माझे दोन तास जायचे. त्यातले कोणते आकडे ते खरंच वापरतात याची मी दोन आठवडे नोंद ठेवली. बारापैकी चारच वापरले जात होते. ते चार रोज आणि बाकीचे सोमवारी द्यायचे, असं आम्ही ठरवलं. दोन तासांचं काम अर्ध्या तासावर आलं.” बोलायला अर्धा मिनिट लागतो, आणि पुढचा प्रश्न आपोआप त्या नोंदीबद्दल येतो, म्हणजे तुमच्या माहितीतला.

स्वतःची ओळख दीड मिनिटाची बसवा: सध्या काय करता, त्यात दाखवण्यासारखं एक-दोन काय, आणि हीच जागा का. कागदावर हे दीडशे-पावणेदोनशे शब्द होतात. पाठ करू नका. मुद्द्यांचा क्रम पक्का करा आणि वाक्यं प्रत्येक वेळी नवी येऊ द्या. मुलाखत इंग्रजीत असेल तर सरावही इंग्रजीत आणि मोठ्याने करा. मनात अडखळत नाही ते वाक्य तोंडात अडखळतं.

टिपणं ठेवायला हरकत नाही, हा व्हिडिओ मुलाखतीचा फायदाच आहे. पण एकच पान, मोठी अक्षरं, नुसते शब्द आणि आकडे, कॅमेऱ्याच्या लगेच खाली किंवा बाजूला चिकटवलेलं. पूर्ण वाक्यं लिहिलीत की डोळे डावीकडून उजवीकडे धावतात, आवाज सपाट होतो, आणि वाचून दाखवताय हे दहा सेकंदांत ओळखू येतं. एआयकडून उत्तरं उतरवून घेणाऱ्यांचंही तसंच पितळ उघडं पडतं: प्रश्नानंतर विचित्र शांतता, मग कापून ठेवल्यासारखं गुळगुळीत उत्तर, आणि “हा आकडा कसा काढलात?” म्हटलं की गाडी बंद.

मुलाखत चालू असताना

दहा मिनिटं आधी जागेवर बसा, पाच मिनिटं आधी लिंक उघडा. वेटिंग रूममधून कधीही आत घेतलं जाऊ शकतं, म्हणून तिथे केस विंचरत बसू नका. नमस्कार झाल्यावर “माझा आवाज व्यवस्थित येतोय ना?” असं एकदाच विचारा.

व्हिडिओची विंडो लहान करून कॅमेऱ्याच्या अगदी खाली ओढा. बोलताना भिंगाकडे, ऐकताना चेहऱ्यांकडे बघा. सतत भिंगाकडे टक लावली तर समोरची प्रतिक्रिया हातची जाते. स्वतःची चौकट एकदा तपासून लपवून टाका, नाहीतर नजर तिथेच घुटमळते. काही टिपून घ्यायला मान खाली घालणार असाल तर तसं सांगा. समोरच्याला वही दिसत नाही, त्याला वाटतं तुम्ही फोन बघताय.

प्रश्न संपल्यावर एक सेकंद थांबा. मागून “...आणि त्याचबरोबर” असा शेपटीचा भाग उशिरा पोचतो, आणि लगेच सुरू केलंत तर दोघं एकमेकांवर आदळता. समोरचा बोलत असताना “हो, हो”, “बरोबर” असे हुंकार देऊ नका, मान हलवा. कितीतरी वेळा तो हुंकार त्याच्या वाक्याचा एखादा शब्द खातो. समोर बरेच जण असतील तर नाव आणि पद कागदावर लिहून घ्या, पण चौकटींचा क्रम धरू नका. प्रत्येकाच्या स्क्रीनवर तो वेगळा असतो, आणि कुणी आत-बाहेर झालं की बदलतो.

दार वाजलं, मूल आत आलं, तर “माफ करा, एक क्षण” म्हणा, म्यूट करा, निस्तरा, परत या. लांबलचक खुलासे त्या व्यत्ययापेक्षा जास्त वेळ घेतात.

जोडणी तुटली तर

आधी ओळखा कुणाची. सगळे चेहरे गोठले तर तुमची, एकच गोठला तर त्याची. तुमची असेल तर पहिल्यांदा स्वतःचा व्हिडिओ बंद करा आणि तसं सांगा. सगळ्यात जास्त भार त्याचाच असतो. तरी सुधारलं नाही तर बाहेर पडून त्याच लिंकने परत या, मग हॉटस्पॉट. या सगळ्याला मिळून दोनेक मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका, थेट दिलेल्या नंबरवर फोन करा. मेसेज आधीच टाइप करून ठेवलेला असावा: “माझी जोडणी तुटली आहे, दुसऱ्या नेटवरून दोन मिनिटांत येत आहे.” फोनवरूनही त्याच मीटिंगमध्ये शिरलात तर एका साधनाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा, दोन्ही चालू राहिले की कर्कश शिट्टी सुरू होते.

परत आल्यावर “आपण अमुक मुद्द्यावर होतो” म्हणत तिथूनच पुढे चला. नेटला शिव्या घालण्यात वेळ जातो, आणि बहुतेकदा त्यांनाही तो अनुभव आलेला असतो.

समोर माणूसच नसेल तर

काही कंपन्या पहिल्या फेरीत प्रश्न स्क्रीनवर दाखवतात आणि उत्तर एकट्यानेच रेकॉर्ड करायला सांगतात. बऱ्याचदा विचार करायला ३० सेकंदांच्या आसपास, बोलायला एक ते तीन मिनिटं, आणि पुन्हा रेकॉर्ड करायची संधी एखाददुसरी किंवा नाहीच. नियम पहिल्या पानावर असतात, ते वाचल्याशिवाय सुरू करू नका. सरावाचा प्रश्न दिला असेल तर तो खऱ्यासारखाच द्या, कारण आवाज-चित्र तपासायची ती एकच जागा. मिळालेल्या ३० सेकंदांत वाक्यं जुळवू नका. कोणता प्रसंग आणि शेवटचं वाक्य, एवढंच ठरवा. घड्याळ संपलं की वाक्य अर्ध्यावर तोडलं जातं, म्हणून शेवटचे दहा सेकंद मोकळे सोडा. भिंगाजवळ एखाद्या ओळखीच्या माणसाचा फोटो चिकटवला तर आवाजात जरा जीव येतो. ऐकायला पोरकट वाटेल, पण फरक रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, अपलोड अडकलं तर मदत मागायला वेळ उरत नाही.

संपल्यावर

“धन्यवाद” म्हणून झाल्यावर बाहेर पडायचं बटण दाबा, आणि कॅमेऱ्याचा दिवा विझल्याशिवाय तोंडातून एक शब्द काढू नका. मग लगेच विचारलेले प्रश्न लिहून काढा. पुढच्या फेरीत त्यातलेच दोन-तीन खोलात येतात. त्याच दिवशी चार-पाच ओळींची आभाराची मेल पाठवा, त्यात बोलण्यातल्या एखाद्या नेमक्या मुद्द्याचा उल्लेख असू द्या. जोडणी तुटल्यामुळे एखादं उत्तर अर्धवट राहिलं असेल तर ते याच मेलमध्ये तीन ओळींत पूर्ण करा.